अस्वलाची पाठ

रविवार, ८ जानेवारी २०१२

ही डायरी कुमारशेटने दिली. कळंबोलीतल्या त्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहितो. यंदा दुकान निम्मा दिवसच उघडतो, त्यामुळे पानं मोकळी राहणार.

पहिल्या पानावर लोक नाव-पत्ता लिहितात. मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते लिहितो. ट्रकच्या सीटा: किती ते मोजलं नाही, पण लोखंड बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांत डोकावलं तर दहातली एक तरी काशिरामची निघेल. सागाचा देव्हारा, एकही खिळा न मारता. वडील मिठागरावर होते तेव्हा त्यांना मीठ ओढायची फळी, दांड्याला तळहाताचा आकार देऊन. मोनालीचा पाळणा, जो आता उरणला तिच्या सासरी आहे. गणपतीचं मखमलीचं मखर, घडी घालून पिशवीत मावणारं. स्कूटरला पुढे लहान मुलाची सीट. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. उघडायचं, आत बघायचं, परत जोडायचं, एवढीच माझी शाळा.

दिवाळीनंतरच्या दोन वस्तू राहिल्या. एक खुर्ची, मधे भोक असलेली, रेक्झिनची, भोकाच्या कडेलासुद्धा पायपिंग. आणि पलंगावर छताच्या हुकाला टांगलेलं दोरीचं कडं, बायकोला, शांतीला, धरून उठता यावं म्हणून. कडं उजव्या बाजूला टांगलंय. तिचा उजवा हात अजून तिथवर जात नाही.

बुधवार, ११ जानेवारी

पद्मजा मॅडम आल्या होत्या. व्यायाम करून घेतात, आठवड्यातून दोनदा. वय मोनालीएवढं, आवाज हेडमास्तरणीचा. शांतीच्या उजव्या हातात त्यांनी आपली दोन बोटं दिली आणि म्हणाल्या, "दाबा काकू." शांतीने कपाळाला आठ्या घातल्या, मान ताणली, पायसुद्धा आवळला. बोटं तेवढी हलली नाहीत.

"काका, यांच्या हातात काहीतरी मऊ द्या. एखादा टेडी आणा. पेशंट त्याला जवळ घेतात, मग नकळत हात काम करतो. पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे."

"सहा महिन्यांत येईल?"

"येईल असं मी म्हणत नाही. आपण प्रयत्न करायचा."

दारात चपला घालताना मला हळूच म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतःला काहीतरी छंद लावून घ्या. दिवसभर त्यांच्या बोटांकडे बघत बसता. त्यांना काय वाटत असेल?"

मी म्हटलं, मला काम आहे, छंद रिकाम्या माणसाला असतो. मग घरात येऊन परत तिच्या बोटांकडे बघत बसलो.

ती दुकानातच पडली होती. भाऊबीजेनंतरचा सोमवार. दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची, थोडाफार हातभार लावायची. स्टुलावरून बाजूला सरकली तेव्हा तिच्या मांडीवर एका डंपरच्या सीटचं कव्हर होतं. सुई कापडातच राहिली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आपण बोलतो ते सगळं तिला कळतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. तिच्या तोंडून मात्र एकच शब्द येतो, दे. पाणी हवं असलं तरी दे, खिडकी लावायची असली तरी दे. मी एकेक वस्तू पुढे करत राहतो. बरोबर वस्तू आली की ती डोळे मिटते.

शुक्रवार, १३ जानेवारी

बाजारातून एक टेडी आणला. घरी आणल्यावर पाठीवर ब्लेड मारून उघडला. आत करड्या चिंध्या, थर्माकोलचे दाणे आणि कुठल्याशा वेफरच्या पाकिटाचा तुकडा. टाके अर्ध्या अर्ध्या इंचाचे. एक कान दुसऱ्यापेक्षा दोन सूत खाली.

हे मी माझ्या बायकोच्या हातात देणार नाही. अस्वल मी करणार. मॅडम त्याला छंद म्हणोत.

पुठ्ठ्यावर फर्मे काढले. पोटाचे दोन, पाठीचे दोन, हात-पायांचे आठ, कानांचे चार, तळव्यांचे दोन, डोक्याच्या दोन बाजू आणि त्या दोन्हींच्या मधली नाकापासून मानेपर्यंतची पट्टी. ती पट्टीच खरी कारागिरी आहे. ती नसली तर डोकं पापडासारखं चपटं होतं. बाजारच्या कारागिराने ती वाचवली होती.

रविवार, १५ जानेवारी

संक्रांत. शिरढोणहून मेहुणी शकू आली, तिळगूळ आणि वालाच्या शेंगा घेऊन. मी खाली बसून पुठ्ठा कापत होतो.

"भावजी, ह्ये काय करताव?"

"अस्वल."

"कोनासाठी?"

"तुझ्या बहिणीसाठी. हातात धरायला."

शकूने शांतीकडे बघितलं. "एक अस्वाल पंचवीस वर्सं धरलाय तिनं, तवा हात गेला. आनी दुसरा देताव?"

शांती हसली. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं, पण आवाज आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. म्हणून शकूला काही बोललो नाही.

शुक्रवार, २० जानेवारी

कापड दुकानातच होतं. ट्रकचे ड्रायव्हर डॅशबोर्डवर आणि सीटवर फरचं कापड लावून घेतात, तपकिरी, लांब केसांचं. उरलेला अडीच वार तुकडा घरी आणला आणि मोठ्या कात्रीने कापला. घरभर केस. चहात केस, देव्हाऱ्यात केस, शांतीच्या भुवईवर केस. कापलेल्या कडेचे केस छाटले जाऊन कड टकली दिसायला लागली.

शांती पलंगावरून बघत होती. मोठमोठ्याने दे, दे करायला लागली आणि डावा हात फळीवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्याकडे करत होती. त्यात तिच्या सुया, ब्लेडं, दोरे असतात. डबा बघून बिस्किटं आठवली असणार. मी चहात बुडवून दोन बिस्किटं भरवली. खाल्ली, पण डोळे मिटले नाहीत. नजर डब्यावरच.

मंगळवार, २४ जानेवारी

मशीनवर सगळे भाग शिवून उलटवले. हात-पाय फिरते ठेवलेत, आत प्लायच्या चकत्या आणि सहा एमेमचे नट-बोल्ट. बाजारात असलं मिळणार नाही. डोळ्यांना सीटची काळी बटणं, दोन्ही नाकापासून सारख्याच अंतरावर, पट्टी लावून बघितलं.

भरायला काथ्या घेतला. फोम दोन वर्षांत बसतो, काथ्या मालकाच्या हयातीत बसत नाही. दांडक्याने ठोकून ठोकून भरला. मग पाठीला भरण्यासाठी उघडी ठेवलेली फट राहिली. ती दाभणाने आणि मेणाच्या दोऱ्याने शिवली. ही शिलाई मनासारखी झाली नाही, पोत्याच्या तोंडासारखी दिसते. ते नंतर बघू.

रविवार, २९ जानेवारी

आज शांतीला अस्वल दिलं.

उजवा हात त्याच्या पोटावर ठेवला. बोटं पोटावरून घसरली. माझा अंगठाच त्यात रुतत नाही, तिची बोटं काय रुतणार. मग तिने डाव्या हाताने ते घेतलं, डोक्यापासून खाली हात फिरवला, थांबली, परत फिरवला. आणि अस्वल उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. तसंच मांडीवर घेऊन हात फिरवत राहिली.

मी सरळ केलं. तिने उलटं केलं. मी परत सरळ केलं आणि सांगितलं, "अगो, हे डोकं, हे पाय." तिने माझ्याकडे बघितलं, आणि उलटं केलं.

बुधवार, १ फेब्रुवारी

पद्मजा मॅडमनी अस्वलाच्या पोटावर टकटक केलं. "काका, हा टेडी आहे की डंपरची सीट?"

मी उलटं धरण्याचं विचारलं. त्यांनी अस्वल खाली ठेवलं. म्हणाल्या, मेंदूच्या झटक्यानंतर काहींना दिशा कळत नाहीत, वरचं-खालचं, डावं-उजवं. डॉक्टरांच्या कानावर घालते.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. हात गेला, बोलणं गेलं, ते मी धरून चाललो होतो. आता वर-खालीसुद्धा गेलं तर आत उरलं काय? उघडून बघता येत नाही. माझी सगळी विद्या उघडून बघण्याची.

रविवार, ५ फेब्रुवारी

काही नाही. उजवा हात: नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सकाळी दुकानात कुमारशेटच्या एका गाडीची सीट होती, फरची. कापड अंथरलं आणि सवयीने तळहात फिरवून केसांची लव, म्हणजे केस कुठल्या दिशेला झुकतात ते, बघितली. आम्ही सीटला फर लावतो तेव्हा लव मागच्या बाजूला ठेवतो, म्हणजे ब्रेक मारला की ड्रायव्हर पुढे सरकत नाही, केस त्याला अडवतात. पाठीच्या गादीलासुद्धा लव वर. चोवीस वर्षं हात तसाच चालतो, डोक्याला विचारत नाही.

अस्वलालाही मी तसंच कापलंय. लव खालून वर. डोक्यापासून पायाकडे हात फिरवला की केस उभे राहतात, हाताला टोचतात, मांजराला उलटं गोंजारल्यासारखं. आणि उलटं धरलं की हात सुळकन जातो.

तिला दिशा कळत होती. मला कळत नव्हती.

कुलूप लावलं आणि घरी आलो. अस्वल घेतलं, तिच्या समोर बसलो, उलटं करून हात फिरवून दाखवला. तिने डोळे मिटले. मी ते तिथेच फाडलं. नट-बोल्ट तेवढे ठेवले. काथ्या निघता निघेना, आधणातल्या भातासारखा फुगून घरभर झाला.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

नवीन कापड, लव वरून खाली. या वेळी कात्री नाही, उलट्या बाजूने ब्लेडने नुसतं पाठचं कापड चिरायचं, केस आपोआप सुटे होतात. शांतीने डब्याकडे बोट केलं, मी डबा दिला, तिने ब्लेड काढून दिलं. एकही केस चहात नाही. ही पद्धत मला सुचायला हवी होती. दुकानात फर कापायचं काम बहुधा मी तिला देत असे, त्यामुळे सवय नव्हती.

आत शेवरीचा कापूस. नट-बोल्ट परत तेच. पोट असं झालंय की तान्ह्या पोराने दाबलं तरी दबेल.

पाठ राहिली. चार बोटांची फट. तिथे टाका असा घालावा लागतो की दोन्ही कडा आत वळून एकमेकींना भेटतात आणि दोरा दिसतच नाही. तीनदा शिवली, तीनदा उसवली. एकदा चुणी आली, एकदा दोरा दिसला, तिसऱ्यांदा अस्वलाला कुबड आलं. शांती बघत होती. मी पाठ वळवून बसलो.

सोमवार, २० फेब्रुवारी

महाशिवरात्र. शकू देवळातून परस्पर आली. अस्वल पाठ उघडी टाकून टेबलावर पडलेलं. पाठीतून कापूस बाहेर.

"भावजी, याचा आपरेशन अर्ध्यावर सोरलाव?"

"बंद करायची राहिलीय."

"मंग करा ना."

"ते हाताचं काम आहे. सवकाश होतं."

"दुकानात पाठ कोन बंद करायचा?"

मी दोऱ्याचं रीळ गुंडाळायला घेतलं. शकूला उत्तर लागतही नाही. "आमची बायच करायची ना. लगीन झाल्यापासून बायच करते. तुमी ठोकाठोकी करताव, मापा घेताव, गिऱ्हाइकासंगं बोलताव. शेवटचा टाका बायचा."

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की ती मदत करायची आणि ते मी कधी नाकारलं नाही. पण फर्मे माझे, मापं माझी, दुकानाच्या पाटीवर नाव माझं. टाका घालणं आणि वस्तू करणं यात फरक आहे. शकू म्हणाली, "हाय ना फरक. नायतर हा असा उघडा परला असता का?"

मग तिने डब्यातून सुई काढली, दोरा ओवला आणि शांतीच्या डाव्या हातात दिली.

"उजव्या हाताला दे," मी म्हटलं. "मॅडमनी उजव्याला काम द्यायला सांगितलंय."

"उजवा चालत नाय, तंवर काय सुईला गंज येऊ द्याचा?"

एका हाताने तो टाका घालता येत नाही. कडा दुसऱ्या हाताने चिमटीत धराव्या लागतात. शांतीने मान माझ्याकडे केली. मी पलंगावर तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि कडा धरल्या. ती सुई खुपसायची, मी पलीकडून बाहेर काढून परत तिच्या बोटांत द्यायचो. माझी चिमूट तिला पाहिजे तशी नव्हती, तिने सुईच्या टोकाने माझा अंगठा दोन सूत मागे सरकवला. टोचलं. मुद्दाम टोचलं असं शकूचं मत.

चार टाके झाले आणि ती दमली. वाकडे होते.

गुरुवार, १ मार्च

रोज थोडे थोडे करत पाठ बंद झाली. टाके बघितले. काही आत लपलेत, काही बाहेर दिसतात, एक तर तिरपा जाऊन दुसऱ्यावर चढलाय. डाव्या हाताचं काम, त्यात तिची चूक नाही. पण अशी वस्तू माझ्या घरातून कधी गेलेली नाही, घरात राहिलेलीही नाही.

दुपारी ती झोपली तेव्हा मी तिची शिलाई उसवली आणि स्वतः घातली. कुबड थोडं आलं, पण टाके सरळ आहेत.

शनिवार, ३ मार्च

कालपासून शांती भिंतीकडे तोंड करून आहे. पेज भरवायला गेलो तर ओठ घट्ट मिटले. ताप नाही, बीपी मोजलं, ठीक आहे. कडं धरायला सांगितलं तर डोळे बंद. अस्वल उशीशी ठेवलं होतं ते खाली पडलेलं सापडलं. उजव्या हातातून घसरलं असेल.

काय हवंय ते कळत नाही. पाणी, पंखा, गोळी, मोनालीचा फोन, सगळं पुढे करून झालं. मोनालीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला काही बोललात का?" मी एक शब्दही बोललेलो नाही.

बुधवार, ७ मार्च

होळी. गावाकडे रात्रभर ढोल असणार, आम्ही मात्र इथेच.

सकाळी भाजी घेऊन आलो तर शांती उठून बसलेली. दोरीच्या कड्याला हात नाही, कशी बसली देव जाणे. अस्वल गुडघ्यांत आवळून धरलेलं आणि डाव्या हातातल्या ब्लेडने ती माझे टाके एकेक करून उसवत होती. मी हां हां म्हणत धावलो, बोट कापेल म्हणून. तिने ब्लेड माझ्याकडे असं रोखलं की मी होतो तिथेच थांबलो.

सगळं उसवून झाल्यावर सुई माझ्याकडे धरली. दे म्हणाली नाही, नुसती धरली. मी दोरा ओवून दिला आणि बाजूला बसून कडा धरल्या. या वेळी अंगठा आधीच दोन सूत मागे ठेवला.

एकच काम तीनदा करून घेण्यात काय आहे मला समजत नाही. पण पेज जेवली, वर पुरणपोळीचा तुकडा खाल्ला.

उजवा हात अस्वलावर ठेवून दिला होता पूर्ण वेळ. हलला नाही.

सोमवार, १२ मार्च

पाठ झाली. फट कुठे होती ते मला बोटाने चाचपूनसुद्धा सापडेना. भिंग आणून बघितलं. एक टाका दिसतो, मानेजवळ, माझी चिमूट सुटली होती तिथला.

अस्वल आता चांगलं आहे असं म्हणायला हरकत नाही. डोकं गोल, कान बरोबरीत, हात-पाय फिरतात, बसवलं की बसतं. लव खाली जाते.

शुक्रवार, १६ मार्च

पद्मजा मॅडमनी आज तपासायला जास्त वेळ घेतला. टाचणीने टोचलं, कोपर वाकवलं, बोटं उघडली. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काका, मी डॉक्टरांशी बोलले. उजव्या हातात आता फार काही होईल असं दिसत नाही. खांदा थोडा हलेल. बोटं नाही."

"सहा महिने म्हणाला होतात. अजून दीड महिना आहे."

"व्यायाम आपण थांबवणार नाही. पण तुम्ही त्याचीच वाट बघत बसू नका." मग म्हणाल्या, "त्या टेडीची पाठ कोणी शिवली?"

"तिनेच. पण डाव्या हाताने."

"मग?"

त्यांनी पिशवी उचलली. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. डावा हात तर पहिल्यापासून धडच होता. धड हाताची ती बातमी काय.

त्या गेल्यावर मी कडं सोडवून दोरी चार इंच खाली केली, म्हणजे उजव्या हाताला जरा जवळ पडेल. आजवर मोडलेलं असं काही माझ्यापुढे आलं नाही की ज्याला खोलून आतली तुटलेली गोष्ट दिसली नाही. एखादी स्प्रिंग, एखादा खिळा. हिचा हात बाहेरून तसाच आहे. नखं वाढतात, मी कापतो. बांगडी घट्ट होत नाही की सैल होत नाही. हातात हात घेतला तर गरमसुद्धा लागतो.

शुक्रवार, २३ मार्च

पाडवा. गुढी मी उभारली, कडुलिंब मी वाटला. शांतीला दारापर्यंत खुर्चीवरून नेलं. तिने अस्वल बरोबर घेतलं, डाव्या काखेत. उजव्यात दिलं होतं, तिने बदललं.

रविवार, २५ मार्च

कुमारशेट पाडव्याची मिठाई घेऊन घरी आला. त्याच्या चाळीस गाड्या आहेत आणि दहा-बारा वर्षं सगळ्यांच्या सीटा माझ्याकडे. पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसला आणि शांतीला म्हणाला, "काय वहिनी, दुकानात या लवकर. तुमच्याशिवाय हा माणूस चहा पण पाजत नाही." मग उशीवरचं अस्वल दिसलं. उचललं, हात फिरवला, उलटसुलट केलं.

"काशीभाऊ, हे कुठलं? इम्पोर्टेड?"

"घरचं."

"तुम्ही बनवलं? काय सांगता!" नखाने पाठ चाचपली. "शिलाई कुठे आहे राव? आत भरलं कुठून?"

"ते कारागिराचं काम असतं."

"म्हणजे ही पाठ तुमची शिलाई?"

मी म्हटलं, माझीच. आमच्या धंद्यात दुकानाच्या नावाने बोलतात, त्यात खोटं असं काही नाही. शांती माझ्याकडे बघत होती.

मग त्याने सांगितलं. ड्रायव्हर लोक गाडीच्या पुढे बंपरला टेडी बांधतात, नजर लागू नये म्हणून. बाजारातले दोन महिन्यांत फाटतात. त्याला सगळ्या गाड्यांना असेच पाहिजेत. मी म्हटलं, माझी वस्तू बंपरला चिखल खायला जाणार नाही. तो म्हणाला, बरं बाबा, केबिनमध्ये ठेवू, काचेजवळ, तुम्ही म्हणाल तिथे. "घाई नाही. घरबसल्या करा, वहिनींजवळ बसून. महिन्याला पाच झाले तरी चालतील."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शांतीने पलंगाखाली वाकून फरचा उरलेला तुकडा ओढून काढला. मांडीवर पसरला, तळहाताने लव बघितली, फिरवून सरळ केला. डबा जवळ घेतला, झाकण दातांनी उघडलं आणि ब्लेड काढून कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवलं. मग मान वर करून आधी कुमारशेटकडे, मग माझ्याकडे बघितलं.

तिला वाटलं अस्वलाचं अजून काही राहिलंय. मी ब्लेड काढून घेतलं, कापडाची घडी करून कपाटावर ठेवली आणि सांगितलं, "झालं गो सगळं. आता तू आराम कर." ती दे, दे म्हणायला लागली. पाणी दिलं. प्याली नाही. पंखा वाढवला. डोळे मिटले नाहीत. कुमारशेट म्हणाला, "वहिनींना काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, असं दिवसभर चालतं, सवय होते.

त्याला दारापर्यंत सोडताना उत्तर दिलं. तो दोनदा म्हणाला, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचार झालाय. एक अस्वल करणं छंद आहे, एवढी करणं कारखाना, आणि मी कारखानदार नाही. तिचा उजवा हात येईपर्यंत तिला कुठल्याही कामाला जुंपायचं नाही हे मी ठरवलंय. एकट्याने मी करू शकलो असतो, पण तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

परत आलो तेव्हा ती कपाटाच्या वरच्या घडीकडे बघत होती. अजून बघतेय.

काय देऊ केलं होतं ते लिहून ठेवतो. चाळीस अस्वलं, कापड त्याचं, एकाचे साडेचारशे, मुदत दिवाळीपर्यंत. अठरा हजार रुपये. नाही म्हणून सांगितलं.